शनिवारी घाणा बंद!

महिला मंडळाची बैठक असो, हळदीकुंकू असो, नाहीतर बचत गटाचे हप्ते गोळा करायचा दिवस असो. हल्ली चार बायका जमल्या की बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतं. पूर्वी सासू हा विषय असायचा, मग मालिका आल्या, गॅसच्या किमती तर कायमच्याच. आता तक्रार एकच, ‘पोरगं मोबाईलवर गेम खेळतंय, ऐकतच नाही.’

कुणाचा पाचवीतला मुलगा समोर मोबाईल धरल्याशिवाय घास गिळत नाही. कुणाचा दहावीतला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पांघरुणात शिरून ‘मार, मार, डावीकडे बघ’ असं कुजबुजत असतो. एका घरात तर वडिलांच्या खात्यातून शंभर-दोनशे करत पैसे जात राहिले. दुधाचं बिल जमा झालं तेव्हा शिल्लक पाहिली आणि मग कळलं, की चिरंजीवांनी गेममधल्या बंदुकीसाठी नवं रंगरूप विकत घेतलंय. खोटी बंदूक, तिला खोटा रंग आणि पैसे मात्र खरे! मोबाईल काढून घेतला की आदळआपट, शिवीगाळ, जेवणावर रुसवा. काही घरांत आईच्या अंगावर हात टाकण्यापर्यंत मजल गेली आहे. हे सांगताना त्या माऊलीचा आवाज किती खाली जातो, ते ऐकणारीलाच ठाऊक.

आणि यात बोल कुणाला? अर्थातच आईला. ‘दिवसभर घरात असतेस, तुझं लक्ष कुठं असतं?’ विचारणाऱ्याच्या स्वतःच्या हातातही त्या वेळी मोबाईलच असतो, ही गोष्ट वेगळी. शेतात किंवा नोकरीवर जाणारी असेल तर बोल दुप्पट. म्हणून या विषयावर आज जरा सविस्तर बोलूया म्हटलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. मूल गेम खेळतं म्हणजे ते व्यसनी झालं, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आपल्या नव्या यादीला मान्यता दिली आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हणजे खेळाच्या आहारी जाण्याचा विकार नोंदवला आहे. त्याच्या खुणा तीन. खेळण्यावर स्वतःचा ताबा राहत नाही, जेवण-झोप-अभ्यास-मित्र या सगळ्यांपुढे खेळ जातो आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. हे साधारण वर्षभर चाललं, तर डॉक्टर त्याला विकार म्हणतात. त्रास फार असेल तर त्याआधीही म्हणतात. तेव्हा रविवारी तासभर खेळणाऱ्या पोराला उगाच ‘व्यसनी, व्यसनी’ म्हणून हिणवू नका. पण या तीन खुणा मनात ठेवा.

आता मूल इतकं अडकतं कशात? आठवतंय का, पूर्वी तालुक्याच्या गावात व्हिडिओ गेमचं दुकान असायचं. नाणं टाकायचं, खेळायचं, हरलं की पडद्यावर ‘गेम ओव्हर’. खिशातली नाणी संपली की पोरगं आपोआप घरी. शिवाय दुकानदार रात्री शटर ओढायचाच. आजच्या मोबाईलमधल्या गेमला शटर नाही. तो संपतच नाही. एक पायरी झाली की दुसरी, एक हंगाम संपला की नवा. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली. कधी पेटी उघडली की काहीच मिळत नाही, कधी एकदम घबाड. केव्हा मिळेल ते माहीत नसतं, म्हणून हात थांबत नाही. जुगाराच्या यंत्रात जी युक्ती असते, तीच ही. आणि चार-चार मित्र एकाच संघात खेळत असतात, त्यामुळे मध्येच उठलं तर दोस्तांशी गद्दारी! तुमच्या-माझ्या बारा वर्षांच्या लेकरासमोर मोठाल्या कंपन्यांची हुशार डोकी बसली आहेत. ‘मनावर ताबा ठेव बाळा’ एवढं सांगून ही लढाई बरोबरीची होत नाही.

मग बंदी घाला, असं पुष्कळजणी म्हणतात. बंदीचाही अनुभव आपण घेतला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीसह ११८ मोबाईल ॲपवर बंदी घातली. त्या दिवशी किती आयांनी देवापुढे साखर ठेवली असेल! पण वर्ष व्हायच्या आत, जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने आला. २०२२ च्या जुलैत तोही बंद झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली. हे फार चांगलं झालं. रमीच्या नादात किती संसार धुळीला मिळाले, ते गावोगाव माहीत आहे. पण पैसे न लावता खेळायच्या गेमवर तो कायदा बंदी घालत नाही. म्हणजे सरकारने करायचं ते सरकार करील, घरातलं आपल्यालाच बघावं लागणार.

घरातलं कसं बघायचं, याचा विचार करताना मला आपल्याच महाराष्ट्रातल्या एका छोट्या समाजाची फार आठवण होते. कोकणातले शनवार तेली. नाव कदाचित नवीन वाटेल, पण ही माणसं अस्सल मराठी. बेने इस्रायल म्हणजे आपले मराठी ज्यू. त्यांच्या परंपरेत सांगतात, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. त्यांचा वंश कोकणातल्या खेड्यापाड्यांत वाढला. आडनावं बघा ना, पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, चेऊलकर. भाषा मराठी, बायकांचं नेसणं लुगडं, शुभप्रसंगी पोहे, खोबरं, साखर आणि फळं घालून मलिदा करायचा. जुन्या हिंदी सिनेमातला ‘बूट पॉलिश’मधला जॉन चाचा तुम्हाला आठवत असेल. ते डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, याच समाजातले. पुढे इस्रायल देश झाला आणि १९४८ नंतर यातले बहुतेकजण तिकडे गेले. आज इथे काही हजारच उरले आहेत. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

तर या लोकांचा धंदा तेल गाळण्याचा. कोकणात दुसरेही तेली होते. ते सोमवारी शंकराचा वार म्हणून घाणा बंद ठेवत, त्यांना सोमवार तेली म्हणत. हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनवार तेली. गिऱ्हाईक दारात आलं तरी शनिवारी तेल नाही. हातावर पोट असलेल्या माणसाने आठवड्यातल्या एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणं म्हणजे काय, ते आपल्यासारख्या बायकांना सांगायला नको.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच वाटते. कित्येक पिढ्या या लोकांजवळ धर्मग्रंथ नव्हता, धर्मगुरू नव्हते, प्रार्थनामंदिर नव्हतं. त्यांचं मुंबईतलं पहिलं प्रार्थनामंदिर सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं ते १७९६ साली. त्याआधीच्या शेकडो वर्षांत बाकी बरंच विसरलं, पण एक छोटी प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवार एवढं राहिलं. हे टिकलं कुठे? घरात टिकलं. आणि घरात टिकलं म्हणजे कुणी टिकवलं, ते मैत्रिणींनो, मी वेगळं सांगायची गरज नाही.

हा शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ. त्यांचा दिवस संध्याकाळी सुरू होतो, म्हणून शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी घरातली बाई दिवा लावते आणि शब्बाथ सुरू होतो. बेने इस्रायल घरांत काचेच्या भांड्यात तेलाचा दिवा लावायची पद्धत. द्राक्षाच्या दारूऐवजी मनुका भिजवून केलेलं सरबत असायचं. त्यावर आशीर्वाद म्हणायचा आणि सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचं. शनिवारी रात्री आकाशात तीन चांदण्या दिसल्या की शब्बाथ संपला. साधारण २५ तासांचा हा काळ. स्वयंपाक आदल्या दिवशीच झालेला असतो. काय करायचं नाही, याची ३९ प्रकारच्या कामांची यादी त्यांच्या शास्त्रकारांनी करून ठेवली आहे. त्यात विस्तव पेटवणं आणि विझवणं हेही येतं. वीज आल्यावर कर्मठ ज्यूंनी हाच नियम विजेच्या बटणाला लावला. म्हणून त्यांच्या घरात शब्बाथला टीव्ही नाही, फोन नाही आणि आता मोबाईल गेमही नाही. फक्त कुणाच्या जिवावर बेतलं असेल, तर सगळे नियम बाजूला. तिथे फोन करायचा, गाडी काढायची, दवाखाना गाठायचा. जीव वाचवणं हा तिथे शब्बाथपेक्षा मोठा धर्म.

आता या नियमात आपल्या कामाचं काय आहे ते बघा. एक म्हणजे, वेळ ठरलेली आहे. सूर्य मावळला की बंद. आई रागावली म्हणून बंद नाही, बाबांचा मूड गेला म्हणून बंद नाही. सूर्याशी वाद कोण घालणार? आपल्याकडे काय होतं? आपल्याला स्वयंपाकघरातून आठवण येते तेव्हा आपण ओरडतो, ‘ठेव तो मोबाईल, पाच मिनिटांत ठेव!’ पोराचा डाव त्या वेळी ऐन रंगात आलेला असतो. असा एक डाव अर्धा-अर्धा तास चालतो. मध्ये सोडला तर गुण जातात, दोस्त चिडतात. मग तो ‘थांब ना’ म्हणतो, आपण हिसकावतो आणि भांडण पेटतं. रोज सात वाजता बंद, हे आधीपासून ठाऊक असेल तर तो साडेसहानंतर नवा डाव मांडणारच नाही. निदान मांडू नये एवढं त्याला कळेल.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्यूंच्या दहा आज्ञांमध्ये शब्बाथची आज्ञा आहे. विश्रांती कुणाकुणाला द्यायची, ते तिथे नावं घेऊन सांगितलं आहे. घरधन्याला, मुलाला, मुलीला, गड्याला, मोलकरणीला, दावणीच्या गुराला आणि दारी आलेल्या परक्यालासुद्धा. म्हणजे मालक झोपला आणि गडी राबला, असं चालत नाही. शनवार तेल्याचा घाणा थांबला की घाण्याच्या बैलालाही सुटी. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. बेंदराला आपण बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही, अमावस्येला औत धरत नाही. थांबण्याचा दिवस सगळ्यांचा एकदम असतो, हे आपल्या आजी-आजोबांनाही ठाऊक होतं.

मुलांच्या मोबाईलच्या बाबतीत मात्र आपण उलटं करतो. बंदी पोराला आणि सूट आपल्याला. वडील जेवताना रील बघणार, आजोबा व्हॉट्सॲपवरचे ‘सुप्रभात’ पुढे पाठवणार, आपण मालिकेचा राहिलेला भाग बघणार आणि पोराला म्हणणार, ‘अभ्यास कर.’ पोरं मूर्ख नसतात हो. त्यांना कळतं, की इथे वाईट ठरलाय तो मोबाईल नाही, फक्त आपण लहान आहोत एवढाच आपला गुन्हा आहे. मग ती मोठं व्हायची वाट बघतात, नाहीतर चोरून खेळतात.

खेळाच्या नादाबद्दल ज्यू शास्त्रकारांनी विचार केला आहे, तोही ऐकण्यासारखा आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या त्यांच्या मिश्ना या ग्रंथात, कुणाची साक्ष न्यायसभेत घेऊ नये याची यादी आहे. तिच्यात फासे खेळणारा आणि कबुतरांच्या शर्यती लावणारा आहे. का बरं? पुढच्या पंडितांनी यावर खल केला. एक म्हणाला, असा पैसा चोरीसारखाच, कारण हरणारा तो मनापासून देत नसतो. दुसरा म्हणाला, कारण असा माणूस जग नांदतं ठेवायच्या कामात काही हातभार लावत नाही. आणि त्याच ग्रंथात एका शास्त्रकाराचं मत आहे, की हा नियम कुणाला लावायचा? ज्याला खेळाशिवाय दुसरा उद्योगच नाही, त्याला. केवढा शहाणपणा आहे बघा यात. खेळ पाप नाही. खेळाशिवाय दुसरं काहीच न उरणं, हे संकट. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या खुणा आणि हे जुनं मत शेजारी ठेवून पाहा, फार लांब नाहीत.

त्यांच्या तालमूद या मोठ्या ग्रंथात बापाची कर्तव्यंही सांगितली आहेत. मुलाला धर्म शिकवावा, एखादा हुन्नर शिकवावा आणि काहींच्या मते पोहायलाही शिकवावं. पोहायला! कारण उद्या पाण्यात पडला तर जीव वाचला पाहिजे. यात बापाचं नाव आहे, हे मी मुद्दाम सांगते. ‘पोरांचं तू बघ’ म्हणून मोकळं होता येत नाही. ज्या बापाने शिवारातल्या विहिरीवर पोराच्या कमरेला दोर किंवा डबा बांधून त्याला पोहायला शिकवलं, त्या बापाचं पोरावर वजन असतं. मोबाईल हिसकावण्यापुरताच जो बाप समोर येतो, त्याचं नसतं.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग ज्यूंच्या घरात मोबाईलचा त्रासच नसेल! तसं मुळीच नाही. तिथलीही पोरं आपल्या पोरांसारखीच. अमेरिकेतल्या कर्मठ ज्यू कुटुंबांतली काही मुलं शब्बाथ पाळतात, पण चोरून मोबाईलवर मेसेज करतात. त्याला त्यांच्यात ‘हाफ शब्बोस’ म्हणजे अर्धा शब्बाथ असं गमतीचं नाव पडलं होतं. मे २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या क्रीडांगणावर कर्मठ ज्यूंची हजारोंची सभा झाली. विषय होता इंटरनेटचे धोके. आणि गंमत म्हणजे तिथे प्रवेश फक्त पुरुषांना! बायकांनी दुसरीकडे जमून पडद्यावर बघायचं. घर सांभाळणारीला बाहेर ठेवून घर कसं वाचवायचं याची चर्चा. ही चूक आपल्याकडेही होते, म्हणून सांगितलं. शुक्रवारची सगळी धांदलही तिथल्या बाईच्याच वाट्याला येते. दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक, सफाई, आंघोळी सगळं सूर्य मावळायच्या आत. तेव्हा तिथलं सगळं उचलून आणा, असं मी म्हणत नाही. ठरलेली वेळ आणि सगळ्यांना एकच नियम, एवढ्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. ज्यूंमध्येही धर्म फारसा न पाळणाऱ्या लोकांना याचं महत्त्व पटलं. २०१० साली अमेरिकेतल्या काही ज्यू तरुणांनी शब्बाथवरूनच कल्पना घेऊन, वर्षातून एक दिवस फोन-कॉम्प्युटर बंद ठेवायचा उपक्रम सुरू केला. तो पुढे इतर धर्मांच्या लोकांतही पसरला.

पण अमेरिकेपर्यंत तरी कशाला जायचं? आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हातात मोबाईल आले. शाळा सुरू झाल्या तरी ते हातातून सुटेनात. सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी यावर विचार केला. १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावात महिलांची ग्रामसभा भरली आणि भोंगा घ्यायचं ठरलं. स्वातंत्र्यदिनापासून उपक्रम सुरू झाला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही बंद, मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला नाहीतर गप्पांना. आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन समजावत. सुरुवातीला लोक हसले असतील, काहींनी दार लावून टीव्ही बघितला असेल. तरीही या गावाचं नाव देशभर झालं आणि दुसऱ्या गावांनीही असे भोंगे बसवले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी गावानेही ग्रामसभेत ठराव केला. १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी. हेतू चांगलाच होता. पण दोन ठरावांतला फरक तुमच्या लक्षात आला असेल. एका गावाने फक्त मुलांना थांबवायचं ठरवलं, दुसऱ्या गावाने दीड तासासाठी सगळ्यांनाच. मला विचाराल तर माझं मत वडगावच्या बाजूने. शनवार तेल्यांचा घाणा जसा मालकासकट थांबायचा, तसाच तिथला टीव्ही सरपंचासकट बंद. आणि त्याचा निर्णय बायकांच्या सभेत झाला, हे माझ्या दृष्टीने फार मोलाचं.

आता आपल्या घरी काय करता येईल? आपल्या गावात भोंगा नसला तरी घड्याळ आहे. देवळातली सांजआरती आहे. रोज जमत नसेल तर आठवड्यातून एक संध्याकाळ धरा, पण तीच धरा. आज मंगळवार, पुढच्या वेळी गुरुवार असं करू नका. एक टोपली किंवा डबा ठेवा आणि घरातले सगळे मोबाईल त्यात जाऊ द्या. आजोबांचाही, पाहुण्यांचाही. कुणी आजारी असेल, शेतावरून रात्रीच्या विजेचा किंवा मोटरीचा फोन यायचा असेल, तर साधा फोन एकाजवळ चालू राहू द्या. नियम माणसांसाठी आहे.

मोबाईल ठेवला की त्या वेळेचं काय करायचं, हे आधीच ठरवा. नुसती रिकामी वेळ दिली तर पोरगं भिंतीकडे बघत बसेल आणि आपणही. शब्बाथला एकत्र जेवण आहे, गाणी आहेत, गप्पा आहेत, म्हणून तो पिढ्यानपिढ्या टिकला. कॅरम काढा, पत्ते काढा, काचापाणी, सागरगोटे काढा. घेवड्याच्या शेंगा सोलायला सगळ्यांना बसवा, आपल्या कोरेगावच्या घेवड्याला तर सरकारी मानांकनसुद्धा आहे! पोराला आजोबांकडून दुष्काळाच्या गोष्टी ऐकू द्या. पहिले दोन-तीन आठवडे तो तोंड फुगवून बसेल. बसू दे. हळूहळू हात पत्त्यांकडे जाईल.

मात्र एक सांभाळा. ही वेळ म्हणजे आईला नवं काम होता कामा नये. सगळ्यांना रमवायचं, खायला करायचं आणि वर पसाराही आवरायचा, असं झालं तर दोन आठवड्यांत आपणच कंटाळून मोबाईल हातात देऊ. त्या दिवशी जेवण साधं करा, पिठलं-भाकरी किंवा खिचडी, आणि तेही आधी उरकून ठेवा. डाव मांडायचं काम वडिलांचं. ताटं घ्यायचं काम मुलांचं. शब्बाथची विश्रांती मोलकरणीलाही सांगितली आहे, तर घरच्या बाईला का नको?

काही भगिनी म्हणतात, ‘ताई, दिवसभर राबून झाल्यावर मोबाईलवर दोन व्हिडिओ बघते, तेवढाच मला विरंगुळा. तोही सोडू?’ तुमचं म्हणणं मला अगदी मान्य आहे. विरंगुळा सोडू नका. त्या ठरलेल्या वेळेपुरता बाजूला ठेवा. मूल आपल्याकडे बघून शिकतं, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा कंटाळा आला. तरीही खरं ते खरंच.

आणि जिथे गोष्ट हाताबाहेर गेली आहे, मूल शाळा सोडतंय, झोपत नाही, मारायला धावतंय, जीव देईन म्हणतंय, तिथे घरगुती उपायांवर अवलंबून राहू नका. सरकारची १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तर मोबाईल आणि गेमच्या अतिवापरासाठी २०१४ पासून खास बाह्यरुग्ण विभाग आहे. आपल्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही मानसोपचाराची सोय विचारा. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलं म्हणजे मूल वेडं ठरत नाही. ताप आल्यावर आपण दवाखान्यात जातो, तसंच हे. ‘लोक काय म्हणतील’ याचा विचार करत वर्ष घालवू नका. लोक आधीही बोलतात, नंतरही बोलणार.

शनिवार आपल्याकडे मारुतीचा वार. कितीतरी घरांत उपास असतो, शाळा सकाळची असते, संध्याकाळ मोकळी असते. तेव्हा येत्या शुक्रवारीच घरात सांगून ठेवा, ‘उद्या सातला सगळे मोबाईल टोपलीत.’ शनिवारी सात वाजले की टोपलीत पहिला मोबाईल तुमचा ठेवा. दुसरा घरच्या कर्त्या माणसाला ठेवू द्या. पोराचा तिसरा.